तिसराँबाईंच्या कानातली पानं

झेली तिसराँला प्रश्न विचारायची खोड होती, आणि तिचं लग्न जमत नाही ते त्यामुळेच, असं तिच्या आईचं ठाम मत होतं.

"पुरुषाला बायको हवी असते, चौकशी करणारा पोलीस नको," तिसराँबाई म्हणायच्या.

तिसराँबाईंचा पॅरिसमधल्या तांप्लच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा होता. मेलेल्याचा कोट हातात घेऊन तो माणूस कशाने मेला असेल हे त्या सांगायच्या, आणि निम्म्या वेळा ते खरं निघायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहती खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर. मुलगी सव्विशी ओलांडून गेलेली.

झेली गोबेर नावाच्या मालकाच्या चांदीच्या कारखान्यात ओप द्यायचं काम करायची. हे काम बायकांचंच. घडवलेल्या चांदीवर साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा, आणि मुठीत बसेल अशा गुळगुळीत दगडाने ती घोटत राहायची, तोंड दिसेपर्यंत. खिडकीपाशी चार जणी ओळीने बसायच्या. बाकीच्या तिघी गाणी म्हणायच्या. झेली विचारायची. चांदी काळी का पडते, कांदा खाल्लेल्या हाताने जास्त का पडते, सोनं का पडत नाही. तिघींनी तिचं नाव 'का-बाई' ठेवलं होतं.

एके दिवशी गोबेरमालक कागदात गुंडाळलेली एक वीट घेऊन आले आणि त्यांनी ती मधल्या मेजावर ठेवली. पांढुरकी, चांदीपेक्षा किंचित निळसर झाक असलेली.

"उचला," ते म्हणाले.

अनातोल पिजार पुढे झाला. हा नक्षीकाम करणारा कारागीर, सावोयच्या डोंगरातून पोटासाठी आलेला. अंगाने आडवा, बोलायला कमी. एवढ्या आकाराची चांदी किती जड असते हे त्याच्या हाताला पाठ होतं. त्याने त्या हिशेबाने जोर लावला आणि वीट एकदम त्याच्या नाकाशी गेली. सगळा कारखाना हसला.

"पोकळ आहे," अनातोल म्हणाला.

"भरीव आहे."

"मग लाकूड आहे. वर वर्ख चढवलाय."

"काप आणि बघ."

अनातोलने कोपरा कापला. आतूनही तसंच पांढरं. तो तुकडा हातोहात फिरला. कुणी चावला, कुणी चाटला. चव काहीच नव्हती. कुणीतरी वीट दोरीला टांगून तिच्यावर लाकडी मोगरी मारली, तर काचेच्या प्याल्यासारखा लांब, स्वच्छ आवाज निघाला.

"याला ॲल्युमिनियम म्हणतात," मालक म्हणाले. "बादशहाच्या बाळाचा खुळखुळा याचाच केलाय. आता सगळ्या मोठ्या घरच्या बायकांना हाच हवा. बांगड्या, पदकं, केसांतल्या फण्या."

"हे निघतं कशातून?" झेलीने विचारलं.

"मातीतून."

"कुठल्या मातीतून?"

"तुझ्या चपलेला लागते त्या. कुंभार तुडवतो त्या."

"मग आजवर ते कुणाला दिसलं कसं नाही?"

"मला काय विचारतेस, पोरी. मी दागिने विकतो."

झेलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी आल्यावर तिने खिडकीतल्या फुलझाडाच्या कुंडीवर नख मारून पाहिलं. आईने ते पाहिलं आणि सूप वाढलं.

नव्या धातूने कारखान्यातल्या सगळ्यांना रडवलं. त्याला डाख म्हणून धरायचाच नाही. दोन तुकडे जोडायचे तर बारीक खिळे ठोकावे लागायचे. मग ते खिळे झाकायला वर सोन्याची फुलं बसवायची. नक्षीची सुई त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरायची. आणि साबणाच्या पाण्याने ओप द्यायला गेलं की दगड चिकटायचा आणि काळपट ओरखडे उठायचे. तिघींनी गाणी थांबवली. झेलीला मात्र मजा वाटायला लागली. तिने व्हिनेगर लावून पाहिलं, टर्पेंटाइन लावून पाहिलं, एकदा तर सकाळच्या डब्यातली हंसाची चरबी लावली. ती चरबी मालकांच्या टोपीला लागली आणि त्यावरून आठवडाभर बोलणी बसली.

अनातोलचा दात दुखायचा म्हणून तो खिशात रमची छोटी बाटली ठेवायचा. एका दुपारी झेलीने ती मागितली.

"दात दुखतोय?" त्याने विचारलं.

"नाही. धातूला पाजायचीय."

त्याने बाटली दिली. तिने जैतुनाच्या तेलात रम ओतली, बाटली दुधासारखी पांढरी होईपर्यंत हलवली, दगड त्यात बुडवला आणि घोटायला सुरुवात केली. दगड सरकू लागला. ओरखडा नाही, काळिमा नाही. खालून एक मऊ, चंद्रासारखा उजेड वर आला. पुढे कळलं की हीच युक्ती दुसऱ्या कारखान्यांतही कुणाकुणाला सापडली होती. पण त्या दुपारी ते तिला ठाऊक नव्हतं, आणि अनातोलही आपली सुई खाली ठेवून तिच्या हाताकडे बघत राहिला होता.

"सुईलाही हेच लावून बघू का?" तो म्हणाला.

"बघा की."

त्याचा दात महिन्याभरात उपटून झाला. रमची बाटली तरी रोज येत राहिली. तिघींच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही.

तिसराँबाईंनाही लागला नाही. "तो सावोयवाला," त्या एका रात्री जेवताना म्हणाल्या. "त्याच्याकडे आहे काय?"

"हात आहेत."

"हात सगळ्यांनाच असतात. तुझ्या बापाने मला मागणी घातली तेव्हा या एवढ्या जाड सोन्याच्या बाळ्या आणल्या होत्या. दागिना म्हणजे वजन, झेली. ज्याच्या दागिन्याला वजन नाही त्याच्या शब्दाला वजन नाही."

त्या बाळ्या आता डबीत होत्या. सोळाव्या वर्षापासून घालून घालून तिसराँबाईंचे कान ओघळले होते. भोकं लांबत लांबत नुसत्या फटी झाल्या होत्या, आणि डाव्या कानाची पाळी तर दोऱ्याएवढ्या कातडीवर तगून होती. काहीही अडकवलं की कान सुजायचा. बाजारात शेजारच्या गाळ्यांवरच्या बायका कानात सोनं मिरवत बसायच्या. तिसराँबाई उन्हाळ्यातसुद्धा टोपीच्या पट्ट्या कानांवर ओढून घ्यायच्या. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. झेलीने एकदाच विचारलं होतं, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

वसंतात एका सोमवारी झेली आणि अनातोल नांतेरला गेले. सोमवारी अर्धे कारागीर कामावर जायचेच नाहीत, मालकही बोलायचे नाहीत. नांतेरला तो धातू करायचा कारखाना होता. झेली महिनाभर अनातोलच्या मागे लागली होती: मला बघायचंय, मातीतून चांदी कशी निघते ते. आगगाडीत ती इतकं बोलली की समोरच्या म्हातारीने जागा बदलली.

फाटकावरच्या माणसाने त्यांना आत सोडलं नाही.

"बायकांना नाही, पुरुषांनाही नाही, आणि चांदी घडवणाऱ्यांना तर नाहीच नाही," तो म्हणाला. "गोड रोट्या घ्या, आमच्या गावच्या प्रसिद्ध आहेत, आणि घरी जा."

त्यांनी रोट्या घेतल्या आणि कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या बांधावर बसून खाल्ल्या. भिंतीपलीकडून पांढरा धूर येत होता, घशाला झोंबणारा. बांधाच्या खाली एक बाई कढत पाण्याच्या घंगाळात कपडे धूत होती. तिच्या दोरीवरच्या प्रत्येक सदऱ्याला बारीक बारीक भोकं पडलेली होती. झेलीच्याने राहवलं नाही.

"बाई, ही भोकं कशाने पडली?"

बाईने मान वर केली. "माझा नवरा भट्टीवर आहे. कपड्यांना भोकं, भुवया जळलेल्या, आणि झोपेत खोकतो. तुम्ही कोण?"

"आम्ही त्याच धातूचे दागिने करतो. तो निघतो कसा ते मला बघायचं होतं."

"दागिने?" बाईने हात पुसले. तिचं नाव वेर्दियेबाई. "मी तर तो धातू कुणाच्या अंगावर कधी बघितलाच नाही. थांबा, हा जेवायला येईल."

फिर्मँ वेर्दिये जेवायला आला. त्याला खरंच भुवया नव्हत्या, त्यामुळे तो सतत चकित झाल्यासारखा दिसायचा. पाहुणी काय विचारते हे कळल्यावर तो आनंदलाच. आजवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं: मातीतून आधी एक पांढरी भुकटी काढतात. ती मीठ आणि कोळशाबरोबर तापवून तिच्यावर एक विषारी वायू सोडतात. मग जे तयार होतं त्याची गाठ त्या सैतानाशी घालून द्यायची, म्हणजे त्यातली माती धातूला सोडते.

"सैतान कोण?" झेलीने विचारलं.

फिर्मँने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "दाखव, पण माझ्या चादरी लांब कर."

तो घरात जाऊन तेलाने भरलेली बाटली घेऊन आला. आत राखाडी ढेकूळ होतं. त्याने ते बाहेर काढून चाकूने लोण्यासारखं कापलं; कापलेली बाजू चांदीसारखी लखलखली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मळली. मग त्याने वाटाण्याएवढा तुकडा घंगाळात टाकला. तो बुडालाच नाही. पाण्यावर फुसफुसत इकडून तिकडे धावला, पिवळी ज्योत होऊन नाचला आणि फट् करून विझला. वेर्दियेबाई साबणाच्या फेसाला शिव्या देत मागे सरकली. अनातोलने छातीवर क्रूसाची खूण केली. झेली मात्र घंगाळावर वाकून उभी होती.

"पाण्याने पेट घेतला," ती म्हणाली. "पाण्याने."

"माझ्या भुवयांनीही घेतला होता," फिर्मँ म्हणाला. "भट्टीत हा आणि ती मातीची भुकटी भेटली की तोफ डागल्यासारखा आवाज होतो. निवल्यावर खाली राहते मळी, आणि मळीत अडकलेले मणी. मोठे मालक घेतात. बारीक वेचायला दिवस जातो म्हणून मळी ओढ्याकाठी टाकून देतात."

"ती आम्ही बघितली तर चालेल?"

"ती कुणीही बघावी."

ती दोघं संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठी मळी फोडत बसली. झेलीची नखं काळी झाली, अनातोलचा नवा सदरा कामातून गेला. आत खरोखर मणी होते, बहुतेक मोहरीएवढे. दोनच तेवढे हरभऱ्याएवढे निघाले. अनातोलने ते दोन रुमालात बांधले.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "तुझ्या आईचे कान मी पाहिलेत."

झेलीने वळून त्याच्याकडे पाहिलं. 'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"वारा होता, टोपी उडाली, तेव्हा दिसले," तो म्हणाला. "सोनं पेलणार नाही त्यांना. हे पेलेल."

त्याने ते दोन मणी ठोकून ठोकून पातळ केले आणि त्यांची आयव्हीच्या वेलीची दोन पानं केली. त्यावर शिरा उठवल्या. भोक पाडून केसासारखी सोन्याची तार अडकवली, म्हणजे डाखाचा प्रश्नच नाही. ओप झेलीने दिला. पुढच्या रविवारी तो स्वच्छ दाढी करून पाच मजले चढला आणि तिसराँबाईंच्या हातात डबी ठेवली.

तिसराँबाईंनी उघडून एक पान तळहातावर घेतलं. तळहात वरखाली केला. मग दुसऱ्या हातावर घेऊन पुन्हा केला.

"यात काही नाहीच," त्या म्हणाल्या.

"आहे, मादाम. दिसतंय ना."

"दिसतंय, पण लागत नाही. मला फसवायला आलास?"

"कानात घालून बघा. दुखलं तर मी उतरून जातो."

 मग तिसराँबाईंनी टोपीच्या पट्ट्या सोडल्या. झेलीने आयुष्यात पहिल्यांदा आईला परक्या पुरुषासमोर टोपी काढताना पाहिलं. उजव्या कानात पान गेलं. डाव्या कानात घालताना त्यांचा हात थांबला, तेव्हा झेली पुढे झाली आणि तिने ती तार त्या दोऱ्याएवढ्या कातडीतून अलगद ओवली.

"घातलंस?" तिसराँबाईंनी विचारलं.

"घातलं."

"कधी?"

त्या उठून आरशापाशी गेल्या. मान हलवली. पानं हलली. त्यांनी पुन्हा हलवली. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि आवाज नेहमीपेक्षा खरखरीत.

"उभा काय राहिलास," त्या अनातोलला म्हणाल्या. "सशाचं मटण आहे. सावोयमध्ये खातात ना?"

बाजारात दुसऱ्या दिवशी गलका झाला. शेजारच्या गाळ्यावरची म्हणाली, कथील आहे. पलीकडची म्हणाली, कागदाला चंदेरी रंग दिलाय. तिसराँबाईंनी एक पान काढून तिच्या हातावर ठेवलं.

"बादशहाच्या पोराचा खुळखुळा याचाच आहे," त्या म्हणाल्या. "ते बाळ माझ्यापेक्षा अडाणी असेल, पण त्याचा बाप नाही."

"पण हे आहे कशाचं?"

"मातीचं. विचार आमच्या झेलीला, पण वेळ काढून विचार."

लग्न शरद ऋतूत झालं. झेली आणि अनातोल त्याच मजल्यावर पलीकडच्या खोलीत राहू लागली. दोन मुलं झाली, त्यातला फेर्नां जगला. नव्या धातूची हवा काही वर्षांत ओसरली. मोठ्या घरच्या बायकांना त्याचा रंग मलूल वाटू लागला. चांदी नाही आणि सोनं नाही, मग हे आहे तरी काय, असं त्या म्हणायच्या. गोबेरमालकांनी उरलेल्या बांगड्या वितळवायला काढल्या आणि कारखाना पुन्हा चांदीवर आला. साबणाचं पाणी आलं, तिघींची गाणी आली. झेलीला चुकल्यासारखं झालं. अनातोलने रम सोडून दिली.

मग प्रशियाच्या सैन्याने शहराला वेढा घातला तो हिवाळा आला. पावात भुसा, चुलीत खुर्च्यांचे पाय, आणि घोड्याच्या मटणासाठी पहाटेपासून रांग. घरोघरचे दागिने 'मावशी'कडे जाऊ लागले. गहाणाच्या सरकारी पेढीला सगळं पॅरिस मावशीच म्हणतं. तिसराँबाई एका सकाळी डबीतल्या जाड बाळ्या घेऊन स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा हसत होत्या. त्या दिवसांत कुणी हसलेलं आठवत नव्हतं, म्हणून झेली घाबरली.

"बाळ्या घेतल्या," त्या म्हणाल्या. "ही पानंही ठेवली होती समोर. तो कारकून काय म्हणाला माहीत आहे? आजी, याचं काय करू? मी म्हटलं, बघ तरी, मातीतून काढलंय. तो म्हणाला, मग मातीतच राहू दे."

"वाईट वाटलं?"

"अगं, वाईट कसलं? सगळ्या बाजारात आता एकाही बाईच्या कानात काही उरलेलं नाही. माझ्या आहे."

बाळ्या सोडवायची वेळ आलीच नाही. वेढा उठला आणि पंधरवड्यात तिसराँबाई छातीच्या दुखण्याने गेल्या. शेवटची आंघोळ घालायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "कानातलं काढू का गं? आठवण म्हणून ठेवशील."

झेलीने आईच्या कानाकडे पाहिलं. दोऱ्याएवढी ती कातडी इतकी वर्षं तशीच तगली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "तिला जड नाहीत."

अनातोल त्यानंतर पंचवीस वर्षं जगला. डोळे अधू झाल्यावर तो खिडकीत बसून झेलीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. माहीत असेल ते सांगायचा, नसेल ते रचायचा, आणि तिला दोन्हीतला फरक कळायचा. तो गेल्यावर झेली फेर्नांकडे राहायला गेली.

फेर्नांची बायको लेओनी एका दुपारी बाजारातून नवं पातेलं घेऊन आली. झेलीने ते उचललं आणि तिचा हात आपोआप वर गेला.

"हे कुठून आणलंस?"

"कोपऱ्यावरून. ढीग लावलाय. आता हे विजेवर करतात म्हणे, धबधब्याच्या विजेवर. स्वस्त आणि हलकं."

"धबधब्याची वीज मातीतून धातू कसा काढते?"

"मला काय ठाऊक, सासूबाई. दुकानदाराला विचारा."

झेलीने खरंच दुकानदाराला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आपल्या शाळामास्तर मेव्हण्याचा पत्ता दिला. ती त्याच्याकडेही गेली. मास्तरांनी दोन तास कागदावर चित्रं काढून समजावलं, आणि उठताना विचारलं, "बाई, तुम्हाला हे सगळं कशाला हवंय?"

"कळलं नाही की झोप लागत नाही," ती म्हणाली. "आता सांगा, तो सैतान यात कुठे गेला? पाण्यावर पेटणारा?"

"तो लागतच नाही आता."

"म्हणजे भुवया शाबूत राहतात?"

मास्तरांना हा प्रश्न कळला नाही.

घरी येऊन झेलीने ट्रंकेतून ओप द्यायचा दगड काढला, बाटलीत तेल आणि फेर्नांची रम ओतून हलवली, पातेलं मांडीवर घेतलं आणि खिडकीपाशी बसली. हात सगळं विसरला नव्हता. अंधार पडेपर्यंत पातेल्याची एक बाजू आरसा झाली होती. तिच्यात खिडकी होती, समोरची छपरं होती आणि तिचं स्वतःचं सुरकुतलेलं, उत्सुक तोंड होतं.

लेओनी दारात येऊन उभी राहिली. "सासूबाई, त्यात दूध तापवायचंय मला."

"थांब, दुसरी बाजू राहिलीय."

"पोरं भुकेली आहेत."

झेलीने पातेलं दिलं. लेओनीने ते विसळलं, दूध ओतलं आणि चुलीवर ठेवलं. झेली खुर्ची ओढून चुलीपाशी गेली. तांब्याच्या पातेल्यापेक्षा यात दूध लवकर तापतं की उशिरा, हे तिला बघायचं होतं.